‘दोन लिटर’मागचा माणूस

‘टू लिटर्स ऑक्सिजन बाय नेझल कॅन्युला.’ अमेरिकेतला एखादा डॉक्टर रात्रपाळी संपवताना फोनमध्ये हे वाक्य पुटपुटतो. मुंबईत, पुण्यात किंवा बेंगळुरूत कानाला हेडफोन लावून बसलेली व्यक्ती ते टाइप करते. अलीकडे पहिला मसुदा बहुधा संगणकच करतो आणि माणूस तो तपासतो. वाक्य साधे असले तरी त्यातला ‘टू’ हा आकडा आहे की ‘कडे’ या अर्थाचा शब्द, ‘कॅन्युला’ म्हटले की खाद्यतेलाचे ‘कॅनोला’, आणि लिटर म्हटले की टक्के, हे आवाज खरखरला की कळेनासे होते. अशा वेळी शब्दकोश थोडाच उपयोगी पडतो. त्या आकड्याचा शरीरातला अर्थ ठाऊक असलेला माणूस मात्र चूक पटकन पकडतो. तो अर्थ ज्यांनी बऱ्याच अंशी घडवला, त्यांचे नाव जॉन स्कॉट हॉल्डेन.

गंमत म्हणजे हे नावसुद्धा नीट ऐकू येत नाही. ‘हॉल्डेन इफेक्ट’ घाईत उच्चारला की कान ‘हॅलोथेन’कडे वळतो. हॅलोथेन हे भूल देण्याचे औषध आहे, हॉल्डेन हा माणूस. अहवाल श्वसनविकाराचा असेल आणि शस्त्रक्रियेचा कुठे उल्लेख नसेल, तर भुलीचे औषध तिथे आले कुठून, असा प्रश्न पडायला हवा.

हॉल्डेन यांचा जन्म मे 1860 मध्ये एडिंबरोचा. घराणे सधन आणि वजनदार. थोरले भाऊ रिचर्ड पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री झाले. जॉन यांनी 1884 मध्ये एडिंबरो विद्यापीठातून वैद्यकीची पदवी घेतली, पण दवाखाना थाटण्यात त्यांना रस नव्हता. ओढ होती ती हवेची. डंडी शहरातल्या दाटीवाटीच्या खोल्यांत, माणसे झोपलेली असताना, सहकाऱ्यांसह जाऊन त्यांनी हवेचे नमुने बाटल्यांत भरले. पुढे मामा जॉन बर्डन-सँडरसन यांच्यामुळे ते ऑक्सफर्डला आले आणि तिथेच स्थिरावले.

जानेवारी 1896 मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला, 57 कामगार गेले. अशा स्फोटात माणसे भाजून किंवा आघाताने मरतात, अशी तोवरची सर्वसाधारण समजूत. हॉल्डेन यांनी मृतदेह तपासले तेव्हा बहुतेकांच्या त्वचेवर आणि रक्तात एक विचित्र गुलाबी-लाल छटा दिसली. ती कार्बन मोनॉक्साइडची खूण होती. स्फोटातून वाचलेली माणसे नंतर साचलेल्या विषारी हवेने मेली होती. ही खूण त्यांना ओळखता आली, कारण आदल्याच वर्षी त्यांनी हा वायू स्वतः हुंगून पाहिला होता. रक्तातले निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन या वायूने व्यापेपर्यंत ते बसून राहिले आणि स्वतःची लक्षणे टिपत गेले. आज कोणतीही नैतिकता समिती असल्या प्रयोगाला परवानगी देणार नाही, आणि ते बरेच आहे.

कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. उंदीर किंवा पक्षी यांच्या शरीरात श्वास आणि रक्ताची ये-जा वेगवान असते, म्हणून माणसाच्या आधी ते कोलमडतात. त्यामुळे खाणीत असा लहान प्राणी सोबत न्यावा, असे हॉल्डेन यांनी सुचवले. कॅनरी पक्ष्याचा पिंजरा ब्रिटिश खाणींत 1986 पर्यंत टिकला. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर मात्र इथे फसतो. मोनॉक्साइडने व्यापलेले रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेले वाटते आणि तो ठणठणीत आकडा दाखवतो. म्हणून बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्या रुग्णाच्या अहवालात ‘सॅच्युरेशन 98’ आणि लगेच ‘शंभर टक्के ऑक्सिजन सुरू’ असे ऐकू आले, तर तो विरोधाभास दुरुस्त करायला जाऊ नये. डॉक्टर बरोबर बोलत असतात. पुढे येणारा लांबलचक शब्द ‘कार्बॉक्सिहिमोग्लोबिन’ असतो, त्याच्या जवळपास वाजणारा ‘कार्बामिनोहिमोग्लोबिन’ नव्हे. दुसरा शब्द कार्बन डायऑक्साइडचा, त्यात विषबाधा नाही.

1905 मध्ये हॉल्डेन आणि जॉन प्रिस्टली यांनी दाखवले, की सामान्य स्थितीत श्वासाचा लगाम ऑक्सिजनपेक्षा कार्बन डायऑक्साइडच्या हाती असतो. फुप्फुसातल्या हवेत तो जेमतेम 0.2 टक्क्याने वाढला तरी श्वासोच्छ्वास जवळजवळ दुप्पट होतो. नऊ वर्षांनी जोहान क्रिस्तियानसेन आणि क्लॉड डग्लस यांच्यासह त्यांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली. रक्तात ऑक्सिजन भरला की ते कार्बन डायऑक्साइड धरून ठेवू शकत नाही, सोडून देते. हाच तो ‘हॉल्डेन इफेक्ट’. वर्षानुवर्षे धूम्रपान किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसे खराब झालेल्या रुग्णाला भरमसाट ऑक्सिजन दिला, तर त्याच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जाऊन तो गुंगीत जाऊ शकतो. त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक आहे. अशा रुग्णाचे सॅच्युरेशन 88 ते 92 च्या दरम्यान ठेवतात. डॉक्टर 88 ते 92 म्हणाले आणि ऐकणाऱ्याने ते कमी वाटते म्हणून 98 केले, तर कागदावरची ती ‘सुधारणा’ दुसऱ्या दिवशीच्या पाळीत रुग्णाच्या मास्कपर्यंत पोहोचू शकते. ‘हायपरकॅप्निया’ आणि ‘हायपोकॅप्निया’ यांत कानाला एका अक्षराचा फरक, पण एकात कार्बन डायऑक्साइड जास्त, दुसऱ्यात कमी. गुंगीतला, जुन्या फुप्फुसविकाराचा रुग्ण असेल तर बहुधा पहिला शब्द. घाबरून भराभर श्वास घेणारा, बोटांना मुंग्या आलेला तरुण असेल तर बहुधा दुसरा.

मधल्या काळात त्यांनी पाणबुड्यांचा प्रश्न हाती घेतला. खोल पाण्यातून वर आलेल्या पाणबुड्यांचे सांधे आखडत, काहींना लकवा होई, काही मरत. हॉल्डेन यांनी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या दाबकक्षात शेळ्या ठेवून, दाब किती कमी केला की रक्तात बुडबुडे होतात ते पाहिले. बॉयकॉट आणि डॅमंट यांच्यासह 1908 मध्ये छापलेली टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके नौदलाने स्वीकारली. दाबकक्षातला ऑक्सिजन, म्हणजे ‘हायपरबॅरिक’ उपचार, आज अशाच रुग्णांना आणि न भरणाऱ्या काही जखमांना देतात. त्याचा ‘हायपोबॅरिक’ होणे ही ठरलेली चूक. कमी दाबाची हवा पहाडावर असते, तिने जखम भरत नाही.

पहाडावरही ते गेले. 1911 मध्ये अमेरिकेतल्या पाइक्स पीकच्या 14 हजार फुटांवर पाच आठवडे मुक्काम करून त्यांच्या तुकडीने शरीर विरळ हवेशी कसे जुळवून घेते ते मोजले. त्यातून त्यांनी एक निष्कर्ष असाही काढला, की गरज पडल्यास फुप्फुसे ऑक्सिजन स्वतःहून रक्तात ढकलतात. तो चुकीचा होता. डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग आणि केंब्रिजचे जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी ते दाखवून दिले. बारक्रॉफ्ट तर 1920 मध्ये त्यासाठी काचेच्या कोठडीत सहा दिवस राहिले. हॉल्डेन यांनी हट्ट सोडला नाही. मोजमापात इतका काटेकोर माणूस इथे का अडला, याचे उत्तर शरीर हे निव्वळ यंत्र नव्हे या त्यांच्या तत्त्वज्ञानात शोधावे लागते. त्यांच्या कामात ते तत्त्वज्ञान प्रत्येक ठिकाणी उपकारक ठरले असे म्हणता येत नाही.

22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने हिरवट-पिवळा वायू सोडला. लॉर्ड किचनर यांनी हॉल्डेन यांना ताबडतोब फ्रान्सला धाडले. त्यांनी वायू ओळखला, क्लोरीन. सैनिकांची फुप्फुसे पाण्याने भरून ते कोरड्या जमिनीवर बुडत होते. ऑक्सफर्डला घरच्या प्रयोगशाळेत मुलगा जॅक आणि सहकाऱ्यांसह ते स्वतः क्लोरीनमध्ये उभे राहून मुखवटे तपासू लागले. मुखवट्यांचे काम पुढे अनेकांनी केले. हॉल्डेन यांचा ठसा अधिक राहिला तो ज्यांना वायू लागून गेला आहे त्यांच्या उपचारावर.

ऑक्सिजन त्याआधीही दिला जाई, पण कसा, ते आज ऐकून नवल वाटते. सिलिंडरला रबरी नळी, नळीला नाळके, आणि ते नाळके रुग्णाच्या तोंडाजवळ धरायचे, तेही थोडा वेळ. मिनिटाला किती वायू सुटतो, त्यातला किती फुप्फुसात जातो, याचा पत्ता नाही. बहुतेक सगळा खोलीत जाई. रुग्ण सुधारला नाही की ऑक्सिजन निरुपयोगी, असा निष्कर्ष काढून सगळे मोकळे. हॉल्डेन यांचा आक्षेप साधा होता. बुडत्या माणसाला मधूनमधून पाण्याबाहेर काढून उपयोग काय? ऑक्सिजन सलग हवा, मोजून हवा आणि तो श्वासातच जायला हवा. त्यांनी सिलिंडरला दाब कमी करणारी झडप लावली, प्रवाह लिटर प्रति मिनिटात ठरवता येईल अशी सोय केली, नळीवर वायू साठवणारी पिशवी बसवली आणि चेहऱ्यावर नीट बसणारा मुखवटा जोडला. उच्छ्वासाच्या वेळी येणारा ऑक्सिजन पिशवीत थांबे, पुढच्या श्वासात आत जाई. फेब्रुवारी 1917 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी हे सविस्तर मांडले. ऑक्सिजन हे मात्रा असलेले औषध आहे, ही कल्पना त्या लेखाने वैद्यकात पक्की केली.

आजच्या मास्कखाली लोंबणारी पिशवी त्याच घराण्यातली. ‘नॉन-रीब्रीदर’ म्हणतात तो मास्क मिनिटाला 10 ते 15 लिटरवर चालतो, नाहीतर पिशवी रिकामी पडते. नाकातल्या साध्या नळीने साधारण 1 ते 6 लिटर देतात. ‘व्हेंच्युरी’ मास्कची गोष्ट वेगळी. अठराव्या शतकातल्या इटालियन शास्त्रज्ञाचे नाव लावलेला हा मास्क मोरान कॅम्पबेल यांनी 1960 मध्ये आणला. तो बाहेरची हवा ठरलेल्या प्रमाणात ओढून घेतो, म्हणून त्याची मात्रा टक्क्यांत सांगतात, 24, 28, 35, 40 अशी. डॉक्टर त्याला घाईत ‘व्हेंटी मास्क’ म्हणतात आणि ऐकणारा ‘व्हेंटिलेटर’ लिहून बसतो. रुग्ण कागदावर एकदम कृत्रिम श्वासावर जातो.

म्हणून ‘28’ ऐकू आले की त्यापुढे ‘लिटर’ लिहिण्याआधी साधन कोणते ते पाहावे. नाकातल्या साध्या नळीने 28 लिटर देत नाहीत. ‘फिफ्टीन’ की ‘फिफ्टी’, हा तंटाही तिथेच सुटतो. पिशवीच्या मास्कवर 15 लिटर. पण ‘हाय फ्लो’ नावाचे नवे यंत्र मिनिटाला 50 लिटरसुद्धा देते, तेव्हा नुसत्या अंदाजाने 50 चे 15 करणे हीदेखील चूकच. ‘पीओटू 60’ आणि ‘सॅट 60’ यांतले अंतर तर जिवाचे आहे. रक्तातला ऑक्सिजनचा दाब 60 असेल तर सॅच्युरेशन साधारण 90 असते, काळजी घेण्याजोगे पण सांभाळता येणारे. सॅच्युरेशनच 60 असेल तर रुग्ण निळा पडलेला असतो. आसपासच्या ओळींवरूनही उलगडा झाला नाही, तर जागा कोरी सोडून डॉक्टरला विचारायचे, हा या व्यवसायातला जुना नियम आहे. कोरी जागा निदान प्रश्न विचारते. चुकीचा आकडा गप्प बसतो.

ऑक्सिजन कमी पडला की माणसाला स्वतःचेच कळत नाही, याचा पुरावा हॉल्डेन यांनी स्वतःच पुरवला. हिमालयात फिरलेले अलेक्झांडर केलास त्यांच्याबरोबर एका कक्षात बसले. हवेचा दाब 320 मिलिमीटरपर्यंत, म्हणजे सुमारे 22 हजार फुटांवरच्या हवेइतका उतरवला होता. हॉल्डेन यांना काहीही विचारले तरी उत्तर एकच येई, दाब 320 वरच ठेवा. शेवटी दाब वाढवला. ओठ निळे आहेत का ते पाहायला त्यांनी आरसा उचलला, आणि आपण आरशाच्या पाठीकडे पाहत आहोत हे लक्षात यायला त्यांना काही वेळ लागला. 2021 च्या लाटेत महाराष्ट्रातल्या घराघरांत अनेकांनी हे पाहिले. ऑक्सिमीटरवर ऐंशीच्या आतला आकडा आणि रुग्ण मात्र आपल्याला काही होत नाही म्हणून गप्पा मारत बसलेला.

1934 मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ले पदक दिले. वय झाले तरी फिरणे थांबले नाही. इराण आणि इराकमधल्या तेल उद्योगात कामगारांना उष्माघात का होतो, ते पाहायला ते पंचाहत्तरीत गेले. परतल्यावर न्यूमोनियाने गाठले. प्रतिजैविके अजून हाताशी नव्हती. मार्च 1936 मध्ये ऑक्सफर्डला ते वारले.

क्लोरीनच्या प्रयोगात सोबत असलेला जॅक म्हणजे जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन. लहानपणी वडिलांनी त्याला खाणीत नेले आणि छताशी साचलेल्या वायूत उभे करून शेक्सपिअरच्या नाटकातले भाषण म्हणायला लावले. पाय लटपटून तो खाली पडला आणि जमिनीलगतच्या चांगल्या हवेत शुद्धीवर आला. हे जे. बी. एस. 1957 मध्ये भारतात राहायला आले, इथले नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यामुळे भारतात हॉल्डेन म्हटले की बहुतेकांना मुलगाच आठवतो. अहवालात ‘हॉल्डेन इफेक्ट’ आला तर तो वडिलांचा. ‘हॉल्डेन्स रूल’ आला तर मुलाचा, आणि मग तो अहवाल बहुधा फुप्फुसांचा नसतो.