रमाबाई रानडे : पाटीपासून नगरपालिकेच्या दारापर्यंत

न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी म्हणून श्रीमती रमाबाईंचे नाव आपल्या बहुतेक भगिनींना ठाऊक आहे. परंतु गावच्या कारभारात स्त्रीने कसे लक्ष घालावे, याचा जो धडा त्यांनी घालून दिला, तो तितकासा सांगितला जात नाही.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घरी झाला. अकराव्या वर्षी, १८७३ साली, त्यांचे लग्न झाले, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. माधवरावांनी त्यांच्या हाती पाटी दिली. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे रुचले नाही. टोमणे, अबोला सारे झाले. रमाबाईंनी उलट उत्तर केले नाही, आणि अभ्यासही सोडला नाही. मराठी झाले, मग इंग्रजी आले. पुढे पतीची दृष्टी अधू झाली, तेव्हा वर्तमानपत्रे व कागदपत्रे त्याच वाचून दाखवू लागल्या. सार्वजनिक प्रश्नांची त्यांची शाळा ती हीच.

१९०१ साली माधवराव निवर्तले. काही काळाने रमाबाई पुन्हा कामास लागल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले आणि तेथे कित्येक निराधार भगिनींनी शिक्षण घेऊन पोटापुरते मिळविण्याची विद्या संपादन केली.

१९२० च्या सुमारास पुणे नगरपालिकेपुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला. पैसा अपुरा आहे, तेव्हा सक्ती तूर्त मुलांपुरतीच असावी, असे पुष्कळ वजनदार मंडळींचे मत होते. मुलींचे मागाहून पाहू! रमाबाईंनी हे मुकाट्याने ऐकून घेतले नाही. सभा भरल्या, आणि पुण्याच्या स्त्रिया मिरवणुकीने नगरपालिकेकडे निघाल्या. लग्नाच्या दिवशी निरक्षर असलेली मुलगी आता साठीच्या घरात आली होती, आणि दुसऱ्यांच्या मुलींसाठी रस्त्यावर उतरली होती. स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणूनही त्या झटल्या. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने तसा ठराव १९२१ साली केला. १९२४ साली रमाबाई वारल्या.

भगिनींनो, त्यांना जे मागावे लागले, ते आज आपणांस कायद्याने मिळाले आहे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. ग्रामसभेपूर्वी महिलांची वेगळी सभा घ्यावयाची असते. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावी, असाही नियम आहे. पण झरी जामणी तालुक्यातील आपल्या गावात ती रक्कम किती होती व कशावर खर्च झाली, हे आपणांपैकी कितीजणी सांगू शकतील? पैसा नाही, हे उत्तर स्त्रियांना आजही ऐकावे लागते. ते खरे की नुसते टाळण्याचे, हे हिशेब पाहिल्यावाचून कळत नाही.

तेव्हा पुढच्या सभेला दोघी-चौघींनी मिळून जावे, हिशेब मागावा व वाचावा. न कळल्यास विचारावे. वाचता न येणारीने शेजारणीकडून वाचून घ्यावा. रमाबाईंचीही सुरुवात पाटीवरच्या पहिल्या अक्षरापासूनच झाली होती.