उंचावरची टोपली

लगोरीचा खेळ बीड जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या मुलांना नवा नाही. एकावर एक रचलेल्या चपट्या दगडांवर चेंडू नेमका बसला, की खेळणाऱ्याला केवढा आनंद होतो! दगडावर नेम धरण्याचा असाच एक खेळ दूर कॅनडा देशातील मुले खेळत असत. त्या खेळातून एका पोरक्या मुलाने एक धडा घेतला, आणि त्याच धड्याच्या बळावर पुढे जगाला एक नवा खेळ दिला. तो मुलगा म्हणजे बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ.

जेम्स यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील आल्मोंट या गावाजवळ झाला. १८७० साली विषमज्वराच्या साथीत त्यांचे आईवडील एकापाठोपाठ निवर्तले. मामांच्या आश्रयाने ते वाढले. शेतात आणि जंगलातील लाकूडतोडीत त्यांनी अपार कष्ट केले. त्यासाठी शाळाही सुटली. परंतु विद्येची ओढ सुटली नाही. काही वर्षांनी, वयाने मोठे झाल्यावर, ते पुन्हा लहान मुलांच्या शेजारी बाकावर जाऊन बसले.

गावातील मुले एका मोठ्या शिळेवर लहान दगड ठेवीत. एक गडी त्याची राखण करी व बाकीचे दगड मारून तो पाडीत. नेम चुकला, तर आपला दगड परत आणताना राखणदार शिवण्याचे भय असे. जो सरळ व जोराने दगड फेकी, त्याचा दगड दूर जाऊन पडे आणि तो सापडे. जो हलक्या हाताने, कमानीसारखा उंच फेकी, त्याचा नेमही साधे आणि दगडही जवळच पडे. जोरापेक्षा अंदाज श्रेष्ठ, हे जेम्सच्या मनावर तेव्हाच ठसले.

पुढे माँट्रिआलच्या मॅक्‌गिल विद्यापीठात त्यांनी पदवी घेतली व धर्मशास्त्राचाही अभ्यास केला. १८९० साली ते अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे गेले. तेथे वाय. एम. सी. ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेचे शिक्षक तयार करणारे विद्यालय होते. १८९१ सालच्या हिवाळ्यात त्यांच्या हाती अठरा विद्यार्थ्यांचा एक वर्ग आला. बाहेर बर्फ, आत रोजची तीच ती कवायत! तरुण कंटाळले होते. आधीच्या शिक्षकांनी त्यांच्यापुढे हात टेकले होते. विद्यालयातील त्यांचे वरिष्ठ ल्यूथर गुलिक यांनी नेस्मिथ यांना चौदा दिवसांची मुदत देऊन घरात खेळता येईल असा खेळ शोधण्यास सांगितले.

नेस्मिथ यांनी मैदानी खेळ घरात आणून पाहिले. परंतु धक्काबुक्की होऊन मुलांना दुखापती होऊ लागल्या. मुदत संपत आली. तेव्हा त्यांनी शांतपणे विचार केला. चेंडू घेऊन धावण्यास मनाई केली, तर कोणी कोणाला पाडणार नाही. आणि लक्ष्य डोक्यावर, आडवे ठेवले, तर चेंडू ताकदीने फेकून भागणार नाही. तो कमानीने अलगद टाकावा लागेल. शिळेवरच्या दगडाचा धडा असा कामी आला!

विद्यालयाच्या सेवकाने पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला दहा फूट उंचीवर ठोकण्यात आल्या. तेरा नियम लिहून भिंतीवर लावले. २१ डिसेंबर १८९१ रोजी नऊ-नऊ गड्यांचा पहिला सामना झाला. त्यात चेंडू एकदाच टोपलीत पडला! कंटाळलेले तरुण मात्र खेळात पार रमून गेले.

टोपलीच्या जागी पुढे लोखंडी कडे आले. उंची मात्र तीच राहिली. उंच कमान का हवी, हे तुम्हीही पडताळून पाहू शकता. जेवणाची थाळी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरा. ती केवळ एक रेघ दिसते. वरून पाहा, पूर्ण वर्तुळ दिसते. कड्याचा व्यास सुमारे ४५ सेंटिमीटर, तर चेंडूचा सुमारे २४. सपाट येणाऱ्या चेंडूला कड्याचे तोंड अरुंद होते, वरून उतरणाऱ्याला ते रुंद होते. आरंभीचे गडी दोन्ही हातांनी चेंडू टाकीत. पुढे एका हाताने टाकण्याची रीत रूढ झाली. कोपर चेंडूखाली ठेवावे, गुडघे किंचित वाकवून अंग वर उचलावे, बोटांनी चेंडू सोडून मनगट पुढे झुकू द्यावे. आधी जवळून सराव करावा, मग अंतर वाढवावे.

नेस्मिथ पुढे वैद्य झाले आणि १८९८ पासून कॅन्सस विद्यापीठात अध्यापन करू लागले. तेथील संघाचे ते पहिले मार्गदर्शक. पण त्यांच्या कारकिर्दीत विजयांपेक्षा पराजय थोडे अधिकच झाले. त्याची त्यांना खंत नव्हती. खेळाने माणूस घडावा, हाच त्यांचा हेतू होता. आपल्या खेळातून त्यांनी धन मिळविण्याचा हव्यास धरला नाही. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा समावेश झाला, तो सोहळा त्यांनी डोळ्यांनी पाहिला. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले.

वाय. एम. सी. ए. च्या शिक्षकांमार्फत हा खेळ भारतातही पोहोचला. मुलांनो, शाळेच्या मैदानावर त्या उंच कड्याकडे पाहाल, तेव्हा एवढे लक्षात ठेवा: ते उंचावर आहे, ते कोणाच्याही बळापुढे सहज वाकू नये म्हणून. तेथे पोहोचतो तो जोर नव्हे, रोजचा सराव.