शब्दांच्या मागावर : इतिहासाचार्य राजवाडे

मी यवतची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. गेल्या वर्षी वर्गात निबंध वाचताना त्यात आऊत हा शब्द आला आणि सारा वर्ग हसला. मी तो खोडून औजार असे लिहिले. तेव्हापासून घरची बोली मी घरीच ठेवून येऊ लागले. ही लाज घालवली ती विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या चरित्राने.

राजवाड्यांचा जन्म १८६३ साली आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसई गावी झाला. वडील लहानपणीच वारले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना नेमलेल्या पुस्तकांपेक्षा आवडीचे ग्रंथच त्यांनी अधिक वाचले. तरुणपणीच पत्नी निवर्तली. त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. पुढचे सारे आयुष्य जुनी दप्तरे शोधत गावोगाव हिंडण्यात गेले. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. असे बावीस खंड त्यांनी सिद्ध केले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. इंग्रजी अमदानीत राहूनही लेखन मात्र मराठीतच केले.

जुना कागद वाचायचा तर त्यातला शब्द आधी कळला पाहिजे. म्हणून ते शब्दांच्या मुळाकडे वळले. गावांची नावे, माणसांची आडनावे यांतही त्यांना इतिहास दिसे. मराठी क्रियापदांची मुळे शोधण्याचे काम हातात असतानाच ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले. तो धातुकोश कृ. पां. कुलकर्णी यांनी संपादित केला व १९३७ साली धुळ्याहून प्रसिद्ध झाला. कुलकर्ण्यांचा स्वतःचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ १९४६ साली आला. राजवाड्यांच्या साऱ्याच व्युत्पत्ती पुढील पंडितांनी मान्य केल्या नाहीत. पण वाट त्यांनी घालून दिली, हे कोणी नाकारीत नाही.

हे वाचल्यावर मी ग्रंथालयात आऊत शब्दाचे मूळ शोधले. ते निघाले संस्कृत आयुध! वीराच्या हातातले शस्त्र प्राकृतातून झिजत झिजत शेतकऱ्याच्या हाती आले होते. शेत क्षेत्रापासून आणि आमचा ऊस इक्षूपासून आला, हेही कळले. घरी आबांना सांगितले, तेव्हा ते हसले आणि म्हणाले की आपली लढाई तर रोजचीच आहे.

यंदाच्या निबंधात आऊत हा शब्द मी पुन्हा लिहिला आहे. या वेळी तो खोडलेला नाही.