चिंतामणराव देशमुख आणि सेवेचे एक वर्ष



मागच्या हिवाळ्यात आपल्या चर्चच्या युवक-युवतींना घेऊन मी मढे घाट पाहायला गेलो होतो. वेल्ह्याहून केळदकडे जाताना आमची गाडी पासलीत थोडा वेळ थांबली. रस्त्याच्या कडेला एक वयस्कर शेतकरी भाताचा पेंढा रचत होते. मुलांशी बोलता बोलता त्यांनी विचारले की तुम्ही कोणत्या कॉलेजचे. आम्ही कॉलेजचे नाही, चर्चचे आहोत, असे मुलांनी सांगितले. मग बाबांनी त्यांच्या एका पाहुण्यांच्या वाडीची गोष्ट सांगितली. त्या वाडीवर कधीतरी कॉलेजच्या मुलांचे शिबिर झाले होते. मुलांनी रस्ता झाडला, रोपे लावली, रात्री गाणी म्हटली, फोटो काढले आणि सातव्या दिवशी ती निघून गेली. पाऊस इथे धो धो पडतो, पण उन्हाळ्यात झरे आटतात. बायकांना डोक्यावरून पाणी आणावे लागते. त्या पाण्यातले रोपांना कोण घालणार? रोपे वाळून गेली. बाबांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना एवढेच समजून घ्यायचे होते की ती पोरे इथून काय शिकून गेली.

आपल्या मुलांकडे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नव्हते.

पुढे आम्ही केळदला पोहोचलो आणि घाटाच्या कड्यावर उभे राहिलो. खाली महाड तालुका पसरलेला दिसतो. तान्हाजी मालुसऱ्यांचा देह सिंहगडावरून उमरठला याच घाटाने नेला, असे सांगतात. मुलांना ती गोष्ट ठाऊक होती. त्याच महाड तालुक्यात, रायगडाच्या वाटेवर नाते नावाचे गाव आहे. तिथे जन्मलेल्या एका माणसाने बाबांचा प्रश्न देशापुढे साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच मांडला होता, हे मात्र मुलांना माहीत नव्हते. त्यांचे नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. सी. डी. देशमुख म्हणून ते सगळ्यांना ठाऊक असतात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री एवढीच त्यांची ओळख शाळेच्या पुस्तकात असते. त्या दिवशी कड्यावर मुलांना जे सांगितले, तेच आज थोडे सविस्तर आपल्याला सांगतो.

चिंतामणरावांचा जन्म 14 जानेवारी 1896 चा. त्यांचे वडील वकील होते आणि कुटुंब रोह्याचे. मुलगा विलक्षण हुशार निघाला. 1912 साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत तो पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने मिळवली. पुढे इंग्लंडला जाऊन केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. वनस्पतिशास्त्रातले पारितोषिकही त्यांना मिळाले. 1918 साली ते आय.सी.एस.च्या परीक्षेला बसले आणि तिथेही पहिले आले. थोडक्यात सांगायचे तर परीक्षेत यश म्हणजे काय, हे त्यांच्यापेक्षा अधिक कोणाला कळले असेल असे वाटत नाही. पुढे त्यांनी शिक्षणाविषयी जे मत मांडले ते वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. अभ्यासात मागे पडलेल्या माणसाने अभ्यासाला नावे ठेवावीत, असा हा प्रकार नव्हता.

नोकरीसाठी ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडात आले. तिथे त्यांनी जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताचेही काम केले. हे काम केवळ कचेरीत बसून होत नाही. गावोगाव जावे लागते, जमिनीचा कस पाहावा लागतो, कोण कसतो आणि कोण कर्जात बुडाला आहे हे समजून घ्यावे लागते. केंब्रिजला शिकून आलेल्या तरुणाला शेतकऱ्यांकडून शिकण्याची ही संधी होती.

1943 साली ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले आणि 1949 पर्यंत त्या पदावर राहिले. 1944 साली अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे जगाच्या पैशाच्या व्यवहाराची नवी घडी बसवणारी परिषद भरली. तिथे गेलेल्या भारताच्या शिष्टमंडळात ते होते. 1950 साली ते केंद्रात अर्थमंत्री झाले आणि 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले.

त्यांच्या मंत्रिपदाच्या काळात एक मोठे काम झाले. खेड्यातल्या माणसाला कर्ज कुठून मिळते, याची पाहणी रिझर्व्ह बँकेने देशातल्या 75 जिल्ह्यांत 600 गावे निवडून केली. तिचा अहवाल 1954 साली आला. शेतकरी सावकाराच्याच दारात उभा आहे आणि बँक त्याच्यापासून फार दूर आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. त्यानंतर इम्पीरियल बँक सरकारने आपल्याकडे घेतली आणि 1 जुलै 1955 रोजी स्टेट बँक जन्माला आली. पाच वर्षांत 400 नव्या शाखा उघडायच्या, असे बंधन तिच्यावर घालण्यात आले. आज तालुक्याच्या गावी पेन्शनसाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या आपल्या आजी-आजोबांनी हे लक्षात घ्यावे की ती बँक तिथे येण्यामागे 600 गावांत जाऊन लोकांना विचारलेले प्रश्न आहेत.

1956 साल आले. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचे ठरले. मुंबईत गोळीबार झाले, माणसे मेली. चिंतामणराव आंदोलन करणारे पुढारी नव्हते, ते शांत स्वभावाचे प्रशासक होते. पण ज्या लोकांनी आपल्याला निवडून दिले त्यांच्याशी हे प्रामाणिकपणाचे होणार नाही, असे त्यांना वाटले. त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे 1 मे 1960 रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. सत्तेतले पद लोकांसाठी सोडणारे मंत्री आपल्या इतिहासात किती आहेत, हे आपण मोजून पाहावे.

मंत्रिपद सोडल्यावर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि 1961 पर्यंत त्यांनी ते काम पाहिले. म्हणजे देशातल्या सगळ्या विद्यापीठांचा संसार त्यांच्या नजरेखाली आला. याच काळात, 1959 च्या ऑगस्टमध्ये, सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवेविषयी एक समिती नेमली. विद्यार्थ्यांनी देशाची सेवा करावी असे सगळेच म्हणतात, पण ती कशी करावी, हे या समितीने सांगायचे होते.

समितीने दिलेले उत्तर धाडसाचे होते. शालान्त परीक्षा संपवून ज्याला कॉलेजात जायचे आहे, त्या प्रत्येकाने आधी नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा करावी आणि ती सक्तीची असावी. त्यात अंगमेहनत असावी, समाजसेवा असावी, शिस्तीचे शिक्षण असावे आणि सामान्य शिक्षणही असावे. आधी सेवा, मग कॉलेज. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. पदवी घेतल्यावर उपकार म्हणून लोकांकडे जायचे नाही. शिकायला बसण्यापूर्वीच लोकांमध्ये राहून यायचे, म्हणजे पुढे पुस्तक उघडल्यावर त्यातला प्रत्येक शब्द कोणाच्या तरी चेहऱ्याशी जोडला जाईल.

सरकारला ही शिफारस मान्य करता आली नाही. खर्च फार होता आणि लाखो मुलांना वर्षभर कुठे ठेवायचे, काय काम द्यायचे, हा प्रश्न सुटणारा नव्हता. 1960 साली शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतल्या अशा योजनांचा अभ्यास केला आणि सेवा ऐच्छिक असावी असे सुचवले. चीनच्या युद्धानंतर, 1963 मध्ये, कॉलेजात एन.सी.सी. सक्तीची झाली. पण तो अनुभव फारसा समाधानकारक ठरला नाही. कोठारी आयोगाने 1964 ते 66 या काळात पुन्हा सांगितले की शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर समाजसेवा जोडली गेली पाहिजे. अखेर महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तीच आपली एन.एस.एस. सुरुवातीला त्यात 40 हजार विद्यार्थी होते, आज लाखो आहेत. दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचे एक शिबिर, असा तिचा नियम रूढ झाला. चिंतामणरावांच्या एका वर्षातून एवढे उरले.

मग ती समिती फसली असे म्हणायचे का? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार आम्हाला शिकवला जाई. घर बांधता बांधता माणूस गवंडी होतो, तसेच न्यायाने वागता वागता माणूस न्यायी होतो. सद्गुण ऐकून येत नाही, सरावाने येतो. लहान मुलाला आपण हात धरून मिस्साला आणतो. तेव्हा त्याची इच्छा विचारत नाही. म्हणजे सुरुवात कोणीतरी करून द्यावी लागते. पण पुढे मोठा झाल्यावर तो आपल्या मनाने आला नाही, तर आपण केलेले सगळे वाया जाते. चिंतामणरावांना सुरुवात करून द्यायची होती. त्यांचे विरोधक म्हणत होते की मनापासून नसलेली सेवा ही सेवाच नव्हे. दोघांचेही म्हणणे खरे आहे आणि ही अडचण आजही सुटलेली नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आता समाजात जाऊन केलेल्या कामाला कॉलेजात क्रेडिट मिळू लागले आहे. गुण मिळतात म्हटल्यावर मुले जाणार. पण पासलीच्या बाबांचा प्रश्न गुणांनी सुटत नाही.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी आधीच्या एका धर्मग्रामात असताना एक मुलगा सेवेच्या तासांचा कागद घेऊन माझ्याकडे आला. त्याने काम केलेले नव्हते. परीक्षा तोंडावर होती, आई आजारी होती, मुलगा गुणी होता. मी सही केली. तेव्हा मला वाटले की मी दया केली. आज वाटते की मी त्याच्याकडून काहीतरी काढून घेतले. ज्या म्हाताऱ्या माणसांना तो भेटायला जाणार होता त्यांच्याकडूनही काढून घेतले. सक्ती वाईट की ऐच्छिक वाईट यावर आपण वाद घालू शकतो, पण खोटी सही दोन्ही व्यवस्थांना पोखरते.

आणि हे केवळ मुलांपुरते नाही. प्रभू येशूने सांगितलेल्या दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणसाला पाहून पुढे निघून गेलेले दोघेही शिकलेलेच होते. धर्मशास्त्र त्यांना पाठ होते. माझ्यासारख्या याजकाला तो दाखला वाचताना प्रत्येक वेळी मान खाली घालावी लागते.

चिंतामणरावांच्या पुढच्या आयुष्याविषयी थोडे सांगून संपवतो. 1959 सालीच त्यांना सरकारी सेवेसाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1962 ते 1967 ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांची इंग्लिश पत्नी 1949 साली वारली होती. 1953 साली त्यांनी दुर्गाबाईंशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. दुर्गाबाई स्वातंत्र्यसैनिक होत्या. मद्रासला 1937 साली त्यांनी स्त्रियांसाठी आंध्र महिला सभा सुरू केली होती आणि केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष होत्या. परीक्षांमध्ये पहिला येणारा नवरा आणि माणसांमध्ये आयुष्य घालवणारी बायको, असा तो संसार होता. विद्या आणि सेवा एकाच घरात नांदल्या. संस्कृतचे वेडही चिंतामणरावांनी सोडले नाही. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले. 1975 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. दुर्गाबाई 1981 साली गेल्या आणि पुढच्याच वर्षी, 2 ऑक्टोबर 1982 रोजी, हैदराबाद येथे चिंतामणरावांचे निधन झाले. तो दिवस गांधीजयंतीचा होता.

आपल्या धर्मग्रामातली बरीच मुले आता कॉलेजात आहेत. त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना माझे एवढेच सांगणे आहे. यापुढे सेवेच्या कागदावर सही मागायला जो येईल त्याला मी दोन प्रश्न विचारीन. तू ज्यांच्याकडे गेलास त्यांच्यातल्या एकाचे तरी नाव सांग. आणि त्या माणसाने तुला काय शिकवले ते सांग. उत्तर मिळाले तर सही लगेच मिळेल. नाही मिळाले तर आपण दोघे मिळून पुन्हा जाऊ.

आणि पालकांनो, मुलगा शिबिराला निघाला की अभ्यास बुडेल म्हणून त्याला अडवू नका. परतल्यावर मात्र त्याला जेवायला वाढताना विचारा की तिथे पाणी कोण आणत होते. त्याला ते सांगता आले, तर त्याचे शिक्षण सुरू झाले असे समजा.

रोपांचेही एक ठरवले आहे. पावसाळ्यात आपली युवा मंडळी पुन्हा त्या बाजूला जाणार आहेत. या वेळी रोपे घेऊन जायची नाहीत. आधी विचारायचे की तुम्हाला काय हवे आहे, आणि उन्हाळ्यात परत यायचे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू