रेम्ब्रांट आणि त्याचा बोरू



रेम्ब्रांट म्हटलं की मोठमोठी तैलचित्रं आठवतात. मुलांना दाखवायची असतील तर मात्र मी त्याची शाईची चित्रं दाखवेन.

जन्म १५ जुलै १६०६, हॉलंडमधल्या लायडन गावी. वडील गिरणीवाले. पुढे अ‍ॅमस्टरडॅमला नाव झालं, पैसा आला, १६३४ मध्ये सास्कियाशी लग्न झालं. पण पहिली तीन मुलं तान्हेपणीच गेली. चौथा टायटस जगला, तर तो वर्षाचा व्हायच्या आत सास्कियाच गेली.

आता त्याचं चालायला शिकणाऱ्या बाळाचं चित्र शोधून बघा. दोघींनी बाळाला धरलंय, समोर एकजण उकिडवा बसून हात पुढे करतोय, मागून बादली घेतलेली बाई चाललीय. तपकिरी शाई, मोजक्याच रेघा. तरी बाळाचा तोल जातोय हे कळतं! शाईची रेघ खोडता येत नाही. आपली मुलं तर दर रेघेला खोडरबर मागतात.

उतारवयात तो बोरूनेही काढायचा. हो, आपल्या आजोबांच्या शाळेतला तोच बोरू!

१६५६ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. घर, जमवलेली चित्रं, सगळं विकलं गेलं. त्याच सुमारास, कधी हॉलंडबाहेर न गेलेल्या या माणसाने आपल्याकडची मुघल लघुचित्रं समोर ठेवून जहांगीर, शहाजहान शाईने काढले. अशी वीसेक चित्रं आजही आहेत.

१६६८ मध्ये टायटसही गेला. पुढच्याच वर्षी, ४ ऑक्टोबरला, रेम्ब्रांट. त्याला पुरलं तेही भाड्याच्या, बिननावाच्या थडग्यात.