नरहर कुरुंदकर

नरहर अंबादास कुरुंदकर (१५ जुलै, १९३२ - १० फेब्रुवारी, १९८२) हे मराठी समीक्षक, विचारवंत, वक्ते आणि शिक्षक होते. नांदेड ही त्यांची कर्मभूमी होती. साहित्य, इतिहास, धर्म आणि राजकारण या विषयांवर त्यांनी विपुल लेखन केले. वेगळ्या मताच्या श्रोत्याला त्याच्याच गृहीतकांपासून सुरुवात करून नव्या निष्कर्षापर्यंत नेणारा युक्तिवाद हे त्यांच्या वक्तृत्वाचे व गद्याचे प्रमुख वैशिष्ट्य होय.

जीवन

कुरुंदकरांचा जन्म सध्याच्या हिंगोली जिल्ह्यातील नांदापूर येथे झाला. हा प्रदेश त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादेत शिकत असताना त्यांना त्यांचे मामा, मराठीचे अभ्यासक डॉ. ना. गो. नांदापूरकर यांचा सहवास लाभला. विद्यार्थिदशेतच ते हैदराबाद मुक्तिसंग्रामाकडे ओढले गेले. परीक्षांतील अपयशामुळे त्यांचे औपचारिक शिक्षण रखडले, परंतु वाचन अखंड चालू राहिले. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत त्यांनी अध्यापन केले. पुढे ते पीपल्स कॉलेजमध्ये मराठीचे प्राध्यापक व नंतर प्राचार्य झाले. औरंगाबाद येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले, त्या वेळी त्यांचे वय ४९ वर्षांचे होते.

युक्तिवादाची पद्धत

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. रझाकारांचे अत्याचार आणि त्यानंतरचा हिंसाचार यांच्या आठवणी नांदेड, लातूरसह सर्व मराठवाड्यात ताज्या होत्या. अशा समाजापुढे धर्म व राष्ट्र या विषयांवर बोलताना टाळ्या मिळवणे सोपे होते, मत बदलणे मात्र अवघड होते. कुरुंदकर स्वतः नास्तिक व मार्क्सवादाचे अभ्यासक होते, तरीही श्रद्धावान श्रोत्यांशी त्यांचा संवाद तुटला नाही. हिंदू व मुस्लिम अशा दोन्ही जमातवादांची त्यांनी परखड चिकित्सा केली.

शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष आणि मग उत्तरपक्ष मांडण्याची परंपरा आहे. कुरुंदकरांच्या विवेचनाची घडण तिच्याशी मिळतीजुळती आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे दुबळे करून खोडण्याऐवजी ते ते सबळ रूपात मांडत, नंतर प्रतिपक्षाला मान्य असलेल्या पुराव्यांतूनच त्यातील विसंगती दाखवत. अलंकारांपेक्षा प्रश्न, व्याख्या, अपवाद आणि उदाहरणे यांवर त्यांची भिस्त असे. त्यांची वाक्ये बहुधा लहान व बोलभाषेला जवळची असतात.

रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' या कादंबरीला त्यांचे एक दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडलेले आहे. छत्रपती शिवाजी महाराजांविषयीचा आदर गृहीत धरूनही ते वाचकाला त्या आदराची कारणे तपासायला लावते. राज्ये स्थापन करणारे पराक्रमी पुरुष इतिहासात अनेक झाले, मग या राजाचे वेगळेपण कोणते, हा त्यातील कळीचा प्रश्न आहे. १६८० मध्ये महाराजांचे निधन झाले आणि १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला. तरीही १७०७ मध्ये औरंगजेबाचा मृत्यू होईपर्यंत मराठे लढत राहिले. राज्य आपले आहे, ही भावना सामान्य रयतेत रुजली होती, हे उत्तर वाचक या घटनाक्रमातून स्वीकारतो. दैवतीकरणाला बाजूला सारूनही आदर उणावत नाही, हे या मांडणीचे यश आहे.

मनुस्मृतीवरील व्याख्यानांतही हीच रीत दिसते. समर्थकांचे दावे क्रमाने घेऊन ते ग्रंथाच्या आशयावर व समाजव्यवस्थेवर पारखले जातात. ही व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली असून त्यांचा इंग्रजी अनुवादही झाला आहे.

साहित्यविचार

भरताच्या नाट्यशास्त्राप्रमाणेच पाश्चात्त्य साहित्यविचाराचाही कुरुंदकरांचा अभ्यास होता. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांच्या कलाविचारावर त्यांनी 'रिचर्ड्सची कलामीमांसा' हा ग्रंथ लिहिला. रिचर्ड्स यांनी १९३६ च्या आपल्या ग्रंथात वक्तृत्वशास्त्राला भाषेतील गैरसमजांच्या अभ्यासाचे रूप दिले होते. शब्दांचे अर्थ निश्चित केल्याखेरीज वाद पुढे न नेण्याची कुरुंदकरांची शिस्त या दृष्टीला जवळची आहे.

ग्रंथसंपदा

'रूपवेध', 'मागोवा', 'जागर', 'शिवरात्र', 'धार आणि काठ', 'पायवाट' हे त्यांचे प्रमुख ग्रंथ होत. विखुरलेले लेख व व्याख्याने एकत्र करून त्यांच्या निधनानंतरही अनेक पुस्तके प्रकाशित झाली.