पडदेवाले बाबूराव

युवक महोत्सव जवळ आला की कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये एक टोळी हमखास दिसते. एकांकिकेचे लेखक-दिग्दर्शक आत तालमीत भांडत असतात आणि ही टोळी बाहेर प्लायवूड, सुतळी, कुणाच्या तरी आईच्या जुन्या साड्या आणि रंगाचे डबे घेऊन फरशीवर बसलेली असते. नेपथ्य आणि वेशभूषावाले! टाळ्या पडतात तेव्हा हे बिचारे विंगेत खिळे गोळा करत असतात. आजची गोष्ट या टोळीसाठी. ती घडली कोल्हापुरात, शंभर वर्षांपूर्वी. नाटकाचे पडदे रंगवून नाव कमावलेल्या माणसाने पुढे रंगवलेला पडदाच मोडीत कसा काढला, त्याची ही गोष्ट.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० चा. घर कारागिरांचं, त्यामुळे हत्यारं लहानपणापासून हातात. चित्रकला आणि शिल्पकला ते कुठल्या आर्ट स्कूलमध्ये शिकले नाहीत. बघत गेले, करत गेले. नात्यातले भाऊ आनंदराव यांच्या जोडीने साधारण १९१० ते १९१६ या काळात त्यांनी संगीत नाटक कंपन्यांसाठी आणि गुजराती-पारशी मंडळींसाठी पडदे रंगवले. काम इतकं गाजलं की ‘मेस्त्री’ मागे पडलं आणि ‘पेंटर’ हेच आडनाव होऊन बसलं.

त्या काळी पडदा म्हणजेच नेपथ्य. राजवाड्याचा एक, जंगलाचा एक, रस्त्याचा एक, बागेचा एक. वरून दोरीने सोडायचा, प्रवेश संपला की गुंडाळायचा. नाटक कुठलंही असो, जंगल तेच! पण सपाट कापडावर लांबच लांब दालन खरोखर आत गेल्यासारखं दिसावं, खांबांच्या रांगा दूर जाताना लहान होत जाव्यात, ही साधी गोष्ट नाही. प्रेक्षक लांब बसलेला, उजेड दिव्यांचा. त्याचा डोळा फसायचा आणि खूश व्हायचा.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. दोघं भाऊ तो पाहून अक्षरशः झपाटले. सिनेमा काढायचा तर कॅमेरा हवा, आणि पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. परदेशी कॅमेरा मिळणं मुश्कील. मग ठरलं, आपणच बनवू! ते काम अर्धवट असतानाच १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना सोबत घेतलं आणि १९१८ मध्ये कोल्हापुरात बनलेला कॅमेरा चालू झाला. तानीबाई कागलकर या गायिकेने पैसा उभा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू झाली.

खरी गंमत इथून पुढे आहे. बरेच मूकपटवाले तेव्हा नाटकाचाच पडदा मागे टांगून शूटिंग करत. पण रंगमंचावर जे खपतं ते कॅमेऱ्यासमोर खपत नाही. वारा आला की राजवाडा हलतो. नटाची सावली थेट आकाशावर पडते. कापडाची सुरकुती पकडली जाते. पडदे रंगवण्यात मुरलेल्या बाबूरावांना पडद्याची ही लबाडी इतरांपेक्षा लवकर कळली असणार, असं मला वाटतं. त्यांनी भरीव सेट उभे केले: ज्याच्याभोवती फिरता येईल, ज्यात माणसं राहतात असं वाटेल. शूटिंगच्या आधी पात्रांची, कपड्यांची, हालचालींचीसुद्धा रेखाटनं ते स्वतः काढत. सिनेमाची पोस्टर्सही तेच रंगवत आणि माहितीपुस्तिका छापण्याची टूमही त्यांचीच.

पहिला चित्रपट ‘सैरंध्री’, १९२०. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, हे त्या काळात धाडसच. भीम कीचकाला मारतो ते दृश्य इतकं खरं उतरलं की ते कापावं लागलं. तरीही चित्रपट चालला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. आपल्याकडे तोवर सगळं काम सूर्यावर चालायचं.

आणि मग १९२५, ‘सावकारी पाश’. कथा नारायण हरी आपटे यांची. सावकाराच्या कर्जात जमीन गेलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. मुकुट नाही, दागिने नाहीत, महाल तर नाहीच. अंधारी झोपडी आणि रडणारं कुत्रं. मराठवाड्यात वाढलेल्या कुणालाही ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. पण देव-दानव आणि मावळे बघायला सोकावलेल्या प्रेक्षकांनी पाठ फिरवली. समीक्षक आज ज्या चित्रपटाला वास्तववादी भारतीय सिनेमाची सुरुवात मानतात, तो तिकीटबारीवर पडला! बाबूराव पुन्हा पौराणिक आणि ऐतिहासिक विषयांकडे वळले. मला तरी त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात चटका लावणारी गोष्ट हीच वाटते.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल आणि शांताराम कंपनी सोडून गेले आणि त्यांनी ‘प्रभात’ काढली. जी माणसं बाबूरावांकडे घडली, त्यांनीच पुढे ‘संत तुकाराम’ केला. इकडे महाराष्ट्र फिल्म कंपनी काही वर्षांतच बंद पडली. बाबूरावांनी बोलपटही केले. १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ पुन्हा, या वेळी आवाजासह. विषय काही सोडवत नव्हता. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’वर दिग्दर्शक म्हणून त्यांचं आणि शांताराम यांचं, म्हणजे गुरू-शिष्याचं, नाव एकत्र आलं. मधल्या काळात रंग आणि माती हाताशी होतीच. १६ जानेवारी १९५४ रोजी ते गेले.

त्यांचे बहुतेक मूकपट आज बघायला मिळत नाहीत. १९२५ ची ती झोपडीही नाही. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं त्यांनी रंगवलेलं पोस्टर मात्र टिकलंय, ते शोधून नक्की बघा. आणि कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला गेलात तर खरी कॉर्नरपर्यंत चालत जा. तिथे त्यांच्या कॅमेऱ्याचं स्मारक उभं आहे.